सर्जनच्या पत्रातला दुसरा परिच्छेद

मी आयुष्यभर पत्रे लिहिली. तुंबलेल्या गटाराविषयी नगरपालिकेला, फाटलेल्या पाकिटाविषयी पोस्टमास्तरांना, मनमाडच्या फलाटावर पाण्याचे पिंप रिकामे आढळले म्हणून रेल्वेला. प्रत्येकाची नक्कल ठेवली. नाशिकच्या कोर्टात तीस वर्षे वकिली केलेल्या माणसाला कागदाशिवाय राग धरता येत नाही, आणि मला राग धरल्याशिवाय जेवण जात नसे. त्या ढिगाऱ्यातल्या एका कागदाविषयी आज लिहितो. तो अकरा ओळींचा आहे, माझ्या हातचा आहे, आणि त्याने एक माणूस मेला.

माझ्या बहिणीचा मुलगा अठ्ठाविसाव्या वर्षी छातीतल्या गाठीने गेला. ती गाठ सुपारीएवढी होती तेव्हा त्याने ती मला दाखवली होती.

प्रकरण मात्र त्याच्यापासून सुरू होत नाही. माझ्या मुलापासून होते. काळ्या रामाच्या दाराशी सत्याग्रह चालू होता ती वर्षे. मुलगा सोळा वर्षांचा होता आणि पंचवटीतल्या एका तालमीत सकाळी मेहनतीला जाई. तिथे लंगोटाखेरीज अंगावर काही नसते. त्याच्या छातीला डाव्या बाजूस सूज आली होती आणि उजवीकडेही थोडी होती. स्तनाग्राच्या बरोबर खाली, दामटलेल्या पेढ्यासारखी वाटोळी चकती. तालमीतल्यांनी त्याचे नाव बाळंतीण ठेवले. "बाळंतिणीला हौद्यात उतरवू नका, ओटी भरून घरी पाठवा," असे एकजण म्हणे आणि बाकीचे मांड्या थोपटत. एके दिवशी त्याच्या सदऱ्याच्या घडीवर कोणी डिंकाचा लाडू ठेवला. मुलाने तो लाडू घरी आणला, आईला दिला आणि तालीम सोडतो म्हणाला.

मी तालीम सोडू दिली नाही. अब्रुनुकसानीची नोटीस देण्याचे ठरवले. परंतु नोटिशीला आधार हवा. मुलाला रोग नाही, विकृती नाही, असे जाणत्या माणसाचे लेखी मत हवे. गावात विलायतेहून शिकून आलेले एक सर्जन होते. त्यांच्याकडे मी मुलाला घेऊन गेलो; औषधासाठी नव्हे, पुराव्यासाठी.

सर्जननी त्याला आडवे निजवले, हात डोक्यामागे घ्यायला लावला, आणि बोटांच्या पेरांनी छाती चहूकडून चाचपली. "दुखतं?"

"दाबलं की दुखतं," मुलगा म्हणाला.

"छान. दुखू दे." मग काखा पाहिल्या. नंतर धोतर सैल करायला सांगितले, तेव्हा मी हरकत घेतली. तक्रार छातीची आहे, असे म्हणालो.

"वकीलसाहेब, छातीचं कारण कधी कधी खाली अंडात सापडतं. तिथं गाठ नाही ना, ते पाहिल्यावाचून मी सही करणार नाही. दोन मिनिटं बाहेर बसता का?"

मी बाहेर बसलो. मग त्यांनी इंग्रजीत एक पत्र लिहून दिले. दोन परिच्छेद होते. पहिल्यात लिहिले होते की, ही सूज वाढत्या वयाची आहे; या वयात पुष्कळ मुलांना येते; ती रबरासारखी लवचिक, हलणारी, स्तनाग्राखाली मध्यभागी आहे, दाबल्यास दुखते; हा रोग नव्हे; वर्षा-दोन वर्षांत आपोआप जाईल; तिला चोळू नये, पिळू नये, बिब्ब्याचे डाग देऊ नयेत. दुसरा परिच्छेद 'परंतु' या शब्दाने सुरू होत होता.

मी घरी येऊन पहिल्या परिच्छेदाचे मराठी भाषांतर केले. अकरा ओळी झाल्या. दुसऱ्याचे केले नाही. तो माझ्या मुलाला लागू नव्हता, आणि प्रतिपक्षाच्या हाती आपण होऊन परंतुक देणारा वकील स्वतःच्या अशिलाचा वैरी असतो. खाली सवयीने 'खरी नक्कल' असे लिहिले, सही केली. एक प्रत नोटिशीबरोबर तालमीच्या वस्तादांना धाडली. दुसरी देवघराच्या कोनाड्यात, पंचांगाखाली ठेवली. मूळ पत्र दप्तरात गेले.

तिसऱ्या दिवशी वस्ताद नारळ घेऊन दारात उभे. "वकीलसाहेब, पोरांना अक्कल नाय. कागद कशाला पाठवायचा? नुसती हाक मारली असती, तर मी एकेकाचे कान उपटले असते."

"तुमचे कान कोण उपटणार, ते कागदात लिहिलेले आहे," मी म्हणालो.

त्यांना वाचता येत नव्हते. त्यांनी तो कागद कपाळाला लावला आणि गेले. दीड वर्षात मुलाची सूज ओसरली. खटला न भरता जिंकलो. त्या अकरा ओळी मला पाठ झाल्या होत्या, आणि आलागेला कोणी असला की मी त्या म्हणून दाखवत असे.

आता भाचा. आठव्या वर्षी त्याचे आईबाप दोन महिन्यांच्या अंतराने गेले, म्हणून तो माझ्या घरी वाढला. मॅट्रिकला दोनदा नापास झाला. तिसऱ्यांदा मी बसू दिले नाही; भिक्षुकी शिकायला लावले. रामकुंडावर एका वृद्ध उपाध्यायांच्या हाताखाली तो यात्रेकरूंची श्राद्धकर्मे चालवी. त्या कामात कमरेवर उघडे राहावे लागते. अंगावर जानवे, फार तर खांद्यावर उपरणे. त्याचा आवाज चांगला होता. ते मी त्याला कधी सांगितले नाही. मी सांगत असे ते असे: "स्वतःच्या बापाचा चेहरा आठवत नाही, आणि निघाला दुसऱ्यांच्या बापांना पाणी पाजायला."

"ते निमूट पितात तरी, मामा," तो म्हणे. "चहा गार झाला म्हणून पत्र लिहीत नाहीत."

माझी पत्नी पदराआड हसे. मला हे उत्तर आवडत असे, आणि म्हणूनच मी पुढच्या वेळी अधिक बोचरे बोलत असे.

मुलाची सूज गेली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात, एका सकाळी मी लिहीत बसलो असताना भाचा समोर येऊन उभा राहिला. सत्ताविसावे चालू होते. उपरणे बाजूला करून म्हणाला, "मामा, इथं काही लागतंय हाताला."

मी हात लावला नाही. लेखणीच्या मागच्या टोकाने दाबून पाहिले. डाव्या स्तनाग्राच्या जरा बाहेरच्या बाजूला काही घट्ट लागले. "किती दिवस?"

"चैत्रापासून असेल. आंघोळ करताना लक्षात आलं."

"कोनाड्यातला कागद आण."

त्याने आणला. मी तो त्याला मोठ्याने वाचायला लावला, उभ्याने, शाळेतल्या मुलाने धडा वाचावा तसा. त्याने अकरा ओळी वाचल्या. वाचून होताच थांबला. "यात लवचिक म्हटलंय. आणि दुखतं असं त्याला होतं. मला दुखत नाही मामा, मुळीच."

"दुखत नाही ही तक्रार आहे?"

"नाही. फरक आहे, एवढंच."

"फरक दाखवायला मॅट्रिक व्हावं लागतं. यावर एका सर्जनचा निकाल झालेला आहे. त्याच मुद्द्यावर, याच घरात. पुन्हा त्याच दारात गेलास तर लोक म्हणतील, वकिलाच्या घरात पुरुषांना थानं फुटतात."

तो हसला. खरोखर हसला. "तो कागद मी ठेवू का?" म्हणाला. मी ठेव म्हटले. आदल्या निकालाचा आधार घेण्यापूर्वी दोन्ही प्रकरणांतली वस्तुस्थिती सारखी आहे की नाही ते तपासावे, हे मी प्रत्येक नव्या वकिलाला सांगत आलो. सोळा वर्षे आणि सत्तावीस, दोन बाजू आणि एक, मध्यभागी आणि बाजूला, लवचिक आणि घट्ट, दुखरी आणि न दुखणारी. पाचही ठिकाणी वस्तुस्थिती भिन्न होती. तीन गोष्टी माझ्या टेबलासमोर उघड्या उभ्या होत्या, दोन त्याने तोंडाने सांगितल्या.

माझी पत्नी त्याला रक्तचंदन उगाळून देऊ लागली. लेप वाळून तडकला की मी त्याला पूतना म्हणत असे. घरात ते नाव रुळले. माझ्या मुलाला ते आवडत नसे. तो ताटावरून उठून जाई. ज्याला बाळंतीण म्हटले म्हणून मी नोटीस धाडली होती, त्याच्यासमोर मी हे करत होतो.

माघात पत्नी म्हणाली, "जानव्यांची जुडी संपली. श्रावणीला आणलेली." श्रावणीला जानवे बदलावे, एरवी तुटले किंवा विटाळले तरच. घरात जानवी घालणारे आम्ही तिघे. मी जुडी मोजली होती. माझे मी बदलले नव्हते, मुलाने बदलले नव्हते. संध्याकाळी भाच्याला बोलावले आणि उलटतपासणी घेतली.

"श्रावणानंतर किती जानवी बदललीस?"

"आठ. नऊ असतील."

"कारण?"

"तुटतात."

"जानवं नऊ पदरी असतं. तुझ्या गळ्यातलं ओढ, तुटतं का पाहू."

त्याने ओढले नाही.

"म्हणजे तू खोटं बोललास."

"हो, मामा."

"तुटलं नाही तर विटाळलं. नऊ वेळा. कुठे जातोस?"

गंगेच्या, आमच्या गोदावरीच्या, पलीकडे कोणत्या गल्ल्या कोणत्या कामासाठी ओळखल्या जातात हे मी त्याला नावानिशी ऐकवले, आणि त्यांपैकी कोणती, असे विचारले. पत्नी आत भांडी आपटू लागली. तेव्हा तो म्हणाला, "तसंच समजा."

मी तसेच समजलो. तपासणी यशस्वी झाली होती. साक्षीदाराने कबुली दिली होती. जानव्यांचा डबा मी कुलपात ठेवला आणि त्याचे पान आठवडाभर वेगळे मांडायला लावले.

खरी गोष्ट मला पुढे कळली. स्तनाग्रातून रक्त येत होते. थेंबभर, कधी तेवढेही नाही. श्राद्धात यजमानाला दाखवण्यासाठी तो दिवसभर जानवे या खांद्यावरून त्या खांद्यावर घेई. सूत त्या जागेवर घासे आणि तांबडे होई. रक्त लागलेल्या जानव्याने पितरांचे कर्म करता येत नाही, म्हणून तो ते गोदेत सोडून नवे घालत होता. बाजारबसव्यांच्या गल्लीत जातो म्हटलेले त्याला चालले. छातीतून काही गळते हे माझ्यासमोर उच्चारणे त्याला चालले नाही. त्या घरात त्या गोष्टीला कोणते नाव होते ते मी वर लिहिलेच आहे.

ज्येष्ठात उपाध्यायांनी त्याला कामावरून दूर केले. एका यजमानाने पाहिले होते. घरी आल्यावर तो इतकेच म्हणाला की, यजमान छातीकडे पाहतात म्हणून काही दिवस येऊ नको म्हणाले. माझे डोके भडकले. माझ्या घरातल्या माणसाला मी काय वाटेल ते बोलेन. बाहेरच्याने तो अधिकार घेतलेला मला कधी खपला नाही. उपाध्यायांना मी चार पानी पत्र लिहिले. शारीरिक विकृतीचा खोटा आरोप करून उपजीविका हिरावून घेतल्याबद्दल आठ दिवसांत खुलासा मागितला, आणि आधारादाखल त्या अकरा ओळी जशाच्या तशा उतरवल्या.

उत्तर त्याच दिवशी आले, एका ओळीचे: आपले पत्र पावले, मुलाच्या काखेत गाठ आहे, ती आपण पाहिली आहे काय?

मी त्याला हाक मारली. हात वर करायला सांगितला. काखेत बोराएवढी कठीण गाठ होती. मग उपरणे दूर करवले. मूळची गाठ आता लिंबाएवढी होती. तिच्यावरची कातडी आत खेचली गेली होती, आणि स्तनाग्र खोल बसले होते. दाखवल्या दिवसापासून अकरा महिने झाले होते. एवढ्या अवधीत मी लेखणीचे टोक पुन्हा एकदाही लावले नव्हते.

सर्जनकडे टांग्याने गेलो. त्यांनी त्याला तसेच निजवले, हात डोक्यामागे घ्यायला लावला. गाठ हलवून पाहिली. ती हलली नाही. "कधीपासून?"

"सव्वा वर्ष होईल," भाचा म्हणाला.

"मग इतके दिवस कुणी थांबायला सांगितलं?"

भाच्याने कनवटीचा कागद काढून दिला. "तुमचाच अभिप्राय होता."

सर्जननी तो दोनदा वाचला. "अंगरखा घाल आणि बाहेर बस," त्याला म्हणाले. तो गेल्यावर कागद टेबलावर ठेवला. "मी दोन परिच्छेद लिहिले होते."

"होय," मी म्हणालो.

"दुसरा आपल्याला आठवतो?"

आठवत होता. वगळायचा कोणता ते ठरवण्यासाठी मी तो लक्षपूर्वक वाचला होता. ज्यांच्या घरात तरुण मुलगे आहेत त्यांच्यासाठी तो येथे पुरा उतरवतो.

'परंतु हे मत या मुलापुरते आणि या सुजेपुरते आहे. कोणत्याही वयाच्या पुरुषाच्या छातीत गाठ एकाच बाजूस असेल, कठीण असेल, स्तनाग्राच्या मध्यावर नसून बाजूला असेल, बोटाखाली हलत नसेल, कातडीला खळगा पडत असेल, स्तनाग्र आत ओढले जात असेल, त्यातून रक्त किंवा पाणी येत असेल, काखेत गाठ लागत असेल, अथवा वाढीचे वय उलटल्यावर गाठ नव्याने येऊन मोठी होत असेल, तर दुखत नाही म्हणून स्वस्थ बसू नये. यांतले एकही लक्षण दिसले तरी त्याच आठवड्यात सर्जनला दाखवावे. अंडात गाठ लागली तरी तसेच. या मुलाची सूजही दोन वर्षांत न गेल्यास पुन्हा आणावे. लाजेने झालेला उशीर भरून काढण्याचे साधन माझ्याजवळ नाही.'

"हे त्याला सांगा," सर्जन म्हणाले.

"आपणच सांगावे," मी म्हणालो.

"रोगाचं मी सांगेन. कागदाचं तुम्ही."

रोगाचे त्यांनी सांगितले. मुंबईला नेले. छातीची डावी बाजू बरगडीपर्यंत कापून काढली, काखही कोरली. ज्यांनी कापले ते म्हणाले की, वर्षभरापूर्वी आणले असते तर निराळे बोललो असतो. आता बोलत नाही. श्रावणात त्याला परत आणला. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. नवे जानवे माझ्या मुलाने त्याच्या गळ्यात घातले. कार्तिकात खोकला लागला, मग पाठीचा मणका दुखू लागला, आणि अखेरीस जो रोग दुखत नव्हता तो इतका दुखू लागला की शेजारी खिडक्या लावून घेत.

त्या दिवसांत एका दुपारी मी त्याच्याजवळ बसलो होतो. माझी पत्रे त्याला वाचून दाखवत होतो: मुंबईच्या इस्पितळाला लिहिलेली तक्रार, उपाध्यायांना लिहिलेली दुसरी नोटीस. त्याने हाताने थांबवले.

"मामा, कुणाला लिहू नका. चूक माझी आहे. मी अंगावर काढलं."

मी हातातल्या नोटिशीची घडी घातली.

"तुम्ही पहिल्याच दिवशी सर्जनचा लेखी कागद दाखवलात. मीच तो अर्धवट समजलो. रक्त आलं तेव्हा तरी बोलायला हवं होतं. जानव्यांचंही खोटं बोललो. मला क्षमा करा."

दप्तर त्याच खोलीत होते. कपाटाला कुलूप नव्हते. उठून चार पावले गेलो असतो, तर मूळ पत्र हाती आले असते; इंग्रजी त्याला वाचण्यापुरते येत होते.

"ठीक आहे," मी म्हणालो. "यापुढे लक्षात ठेव."

यापुढे, असे म्हणालो. तो मान हलवून हो म्हणाला, मग भिंतीकडे वळला. मला वाटते, त्याला बरे वाटले. गुन्हेगाराला शिक्षा सौम्य झाली म्हणजे वाटते तसे. मार्गशीर्षात तो गेला. शेवटच्या तीन आठवड्यांत मी त्याच्यापाशी पुष्कळदा बसलो, आणि प्रत्येक वेळी कपाट तिथेच होते.

तेराव्यानंतर उपाध्याय त्याची पोथी परत द्यायला आले; ती रामकुंडावर त्यांच्या पेटीत राहिली होती. मी केलेल्या आरोपांविषयी ते एक अक्षर बोलले नाहीत. चहा घेतला नाही. "आवाज चांगला होता," एवढेच म्हणाले.

सर्जननी तो कागद त्या दिवशी मला परत दिला होता, आणि भाच्याने टांग्यात माझ्याकडून मागून घेतला होता. तो मला आता त्याच्या उशीच्या अभ्र्यात सापडला. घड्यांवर फाटला होता. ज्या ठिकाणी 'लवचिक' लिहिले होते तिथे पेन्सिलीने बारीक रेघ होती, 'दाबल्यास दुखते' याच्याखाली दुसरी. शंका आली तेव्हा त्याने ओढल्या असाव्यात. मग त्याने तळाशी वाचले असेल. तिथे माझ्या अक्षरात 'खरी नक्कल' असे होते आणि खाली माझी सही होती.

नक्कल पुरी असते, उतारा निवडक. एकाच्या जागी दुसरे लिहिणाऱ्या कारकुनाला मी एकदा नोकरीवरून काढवले होते, तीन पानी पत्र लिहून. त्या पत्राची नक्कल माझ्याजवळ आहे. ती मात्र खरी आहे.